रत्नागिरीच्या जुन्या आळीत घर हवंय? आधी किल्ली कुणाकडे आणि सही कुणाची, ते विचारा

बदली होऊन रत्नागिरीत आलेला माणूस पहिले दोन-तीन महिने मारुती मंदिर नाहीतर साळवी स्टॉपच्या बाजूला एखाद्या फ्लॅटमध्ये काढतो. मग एखाद्या संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून खाली उतरतो आणि टिळक आळीत शिरतो. चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपणभिंत), आत तुळशीवृंदावन, मागे कौलारू घर, ओटीवर झोपाळा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो विचारतो, "तिकडे कुठे घर मिळेल का हो?" चौदा वर्षांपूर्वी मीही असंच विचारलं होतं. मी घाटावरचा. उत्तर आलं, "बघू." कोकणातला 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही', हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

अशा घरात राहायची हौस असलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं रत्नागिरीची आहेत, पण कोकणातल्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या शहरातल्या आळीत यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी आळी ओळखा

रत्नागिरीचं जुनं शहर उतारावर आहे. गोखले नाका, राम आळी, मारुती आळी हा बाजाराचा भाग. टिळक आळी मात्र मुख्यतः राहती वस्ती. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्याचं ठिकाण झालं, कोर्टकचेऱ्या आल्या, शाळा आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ वकील, मास्तर, कारकून आले. लोकमान्य टिळक २३ जुलै १८५६ रोजी याच आळीत जन्मले. वडील गंगाधरपंत शिक्षक, मूळ गाव दापोलीकडचं चिखलगाव. म्हणजे हेही नोकरीपायी इथं आलेलंच बिऱ्हाड. १८६६ साली बदली झाली आणि सगळे पुण्याला गेले. ते जन्मघर आज स्मारक आहे. घर शोधायला निघण्याआधी ते एकदा नीट बघून या. भक्ती वगैरे तुमची तुम्ही ठरवा. मी सांगतोय ते वेगळ्याच कारणानं. ओटी, माजघर, माळा, परसू यांची मांडणी तिथं सहज समजते आणि मग दुसऱ्या घरात काय मोडलं, काय जोडलं, कुठं भिंत घातली ते लगेच डोळ्यांत भरतं.

इथल्या सुबत्तेला फार रंगरंगोटी नसते. बंगल्याला काचा आणि फाटकाला सिंह असला प्रकार आळीत सापडणार नाही. बघायचं ते ओटीचे खांब सागाचे आहेत की फणसाचे, विहीर स्वतःची आहे की सामायिक, आणि परसात माड-पोफळी किती. आंब्याच्या बागा, वकिली, सावकारी, पूर्वी खोती (गावाचा सारा वसूल करण्याचं वतन), असा पैसा या घरांत आला. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. मुलं तर त्याच्या आधीपासूनच मुंबईची वाट धरून होती. घरं राहिली. आजची आळी समजून घ्यायची तर ही गोष्ट कायम ध्यानात ठेवा: मालक इथं नाहीत आणि घर इथं आहे.

फिरा, पण पाटी शोधू नका

'भाड्याने देणे आहे' अशी पाटी या घरांवर क्वचितच लागते. एजंट तुम्हाला नवे फ्लॅट दाखवेल, कारण त्याचं कमिशन तिथं आहे. आळीतल्या घराची बातमी वाण्याच्या दुकानात कळते, देवळात कळते, वाचनालयात कळते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. त्याचे सभासद व्हा. पुस्तकं मिळतीलच, शिवाय सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना शहरातल्या प्रत्येक बंद घराची कुंडली पाठ असते. त्यांना थेट "घर आहे का" असं विचारू नका. तुम्ही कुठले, इथं काय करता, घरात कोण कोण, हे त्यांना आधी विचारू द्या. खाण्यापिण्याबद्दल आणि आडनावाबद्दलही विचारतील. ही गोष्ट मला खटकते, आजही खटकते. पण ती होते, तेव्हा तयारीत असा. याच शहरात १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर सर्व जातींसाठी उघडलं गेलं. ते टिळक आळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

किल्ली आणि सही

माझं पहिलं घर मला एका आप्पांनी दाखवलं. किल्ली त्यांच्याकडे, दिवाबत्ती ते करायचे, नारळ ते उतरवायचे. मी समजलो, मालक हेच. भाडं ठरलं, डिपॉझिट दिलं, सामान लावलं. सहाव्या महिन्यात डोंबिवलीहून एक गृहस्थ आले, ओटीवर चढले आणि म्हणाले, "तुम्हाला घर कोणी दिलं?" ते आप्पांचे चुलतभाऊ. घरावर नावं अकरा. आप्पांचा हिस्सा होता, पण अकरावा. भांडण त्यांचं होतं, पण ओटीवर उभा मी होतो.

तेव्हा पहिल्या भेटीतच दोन प्रश्न विचारा. घर सांभाळतं कोण? आणि मालमत्ता पत्रकावर नावं कोणाकोणाची आहेत? शहरातल्या जुन्या भागात जमिनीचा कागद म्हणजे नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. ते ऑनलाइनही मिळतं. घरपट्टीची पावती दाखवून कोणी "हे बघा, आमच्याच नावावर" म्हणालं, तर पावती बघा, मान डोलवा आणि प्रॉपर्टी कार्ड मागा. घरपट्टी कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. बऱ्याच घरांच्या कार्डावर अजून आजोबांचंच नाव असतं आणि वारसनोंद कुणी केलेली नसते.

भाड्यानं राहायला अकराच्या अकरा सह्या मिळवणं जमणार नाही, हे मला मान्य आहे. पण बाकीच्यांनी एकाला कुलमुखत्यारपत्र दिलं आहे का ते बघा. नसेल तर निदान दोघा-तिघा मोठ्या हिस्सेदारांशी फोनवर बोला आणि संमतीचं पत्र मागा. मुखत्यारपत्र देणारा माणूस हयात आहे ना, हेही विचारा, कारण साधारणतः देणारा गेला की ते पत्रही संपतं. विचारायला अवघड वाटतं, पण "काका आता कुठे असतात?" एवढ्या प्रश्नात काम होतं.

घर डिसेंबरात बघू नका

बघायचं असेल तर जुलैत बघा. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर आवडतं. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत जे घर राहण्यासारखं, तेच घर. जुलैपर्यंत थांबता येत नसेल तर पुढच्या गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा.

छपरापासून सुरुवात करा. माळ्यावर चढून आतले दिवे बंद करायला सांगा. कौलांतून जिथून उजेडाची तिरीप येते, तिथूनच पाणी येणार. वाशांवर आणि रिपांवर पांढरट किंवा काळे ओघळ दिसले तर ती जुनी गळती. मंगलोरी कौलांची शाकारणी दरवर्षी मे महिन्यात करावी लागते: फुटकी बदलायची, सरकलेली बसवायची, पालापाचोळा काढायचा. ही कामं करणारी माणसं आता कमी झाली आहेत आणि मे अखेरीस ती कोणालाच सापडत नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी शाकारणी कुणी केली, त्याचा नंबर आहे का आणि खर्च कोण करतं, हे भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे. वानरांचाही हिशोब धरा. एक टोळी छपरावरून गेली की दहा-पंधरा कौलं जागची हलतात. काही घरांनी कंटाळून वरून पत्रा चढवला आहे. गळती थांबते, पण पावसात आत एकमेकांशी बोलताना ओरडावं लागतं आणि एप्रिलात माळ्यावर पापड वाळतात.

लाकूड बोटानं वाजवा. खांब, चौकटी, दाराचे उंबरे, विशेषतः जमिनीलगतची हातभर उंची. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला किंवा बोटानं दाबल्यावर भुगा पडला तर वाळवी. भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर गेलेल्या दिसल्या तर ती अजून जिवंत आहे. ताजा ऑइलपेंट मारलेला खांब दिसला की मला तरी संशय येतो.

भिंती जांभ्याच्या असतात, म्हणजे चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र, पाणी पितो आणि सोडतो. जुने लोक त्यावर चुन्याचा गिलावा करत, त्यातून भिंत वाळायची. मागच्या तीस-चाळीस वर्षांत अनेकांनी वरून सिमेंट लिंपलं. आत शिरलेली ओल मग बाहेर पडत नाही, रंगाला फोड येतात आणि कपाटं भिंतीला चिकटवून ठेवली तर ऑगस्टमध्ये आतल्या कपड्यांवर बुरशी येते. सिमेंट केलेलं घर घ्यायचंच असेल तर कपाटं भिंतीपासून वीतभर सोडून ठेवा.

मग घराबाहेर जाऊन मागची बाजू बघा. शहर उतारावर आहे, म्हणजे तुमच्या घराच्या मागे कुणाचं तरी अंगण तुमच्या डोक्यावर आहे. मधला गडगा फुगलाय का, दगड सुटलेत का, त्याच्या पायथ्याला पाणी जायला वाट आहे का, बघा. गडगे मुसळधार पावसात रात्री कोसळतात आणि तो कुणाचा यावरून दोन घरांत तीन पिढ्या बोलणं नसतं.

विजेचं मीटर आजोबांच्या नावावर असेल, ते चालतं; पण वायरिंग आजोबांच्या वेळचं असेल तर चालणार नाही. लाकडी पट्टीतल्या वायरी दिसल्या तर ईएलसीबी (गळतीचा करंट लागताच वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग करून घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका. दमट हवा, जुनी वायर आणि वळवाच्या विजा एकत्र आल्या की फ्रिज तरी जातो नाहीतर माणूस.

पाणी, संडास, गाडी

शहराला पाणी शीळ धरणातून येतं. उन्हाळ्यात कपातीची वेळ आली तर विहीर कामाला येते. विहीर असेल तर ती मे महिन्यात किती हात खाली जाते ते शेजाऱ्याला विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही, तो मुंबईत असतो. सामायिक विहिरीत पंप कुणी कधी लावायचा याच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या कुठं लिहिलेल्या नसतात, पण मोडल्या तर संध्याकाळपर्यंत कळतं. संडास परसात असेल तर सेफ्टी टाकी (सेप्टिक टँकला इथं सगळे हेच म्हणतात) विहिरीपासून किती लांब आहे ते पावलांनी मोजा. जवळ असेल तर विहिरीचं पाणी फक्त धुण्याला.

गाडीसाठी आळी बांधलेलीच नाही. काही घरांपर्यंत पाखाडीनंच, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेनंच, जावं लागतं. सामानाचा टेंपो तोंडाशी थांबेल आणि पुढं डोक्यावरून. माझं गोदरेजचं कपाट चार माणसांनी, तीन पाखाड्या चढून आणि असंख्य शिव्यांसह वर नेलं होतं.

करार करताना

कराराचा मामला सोपा आहे, पण तो टाळण्याची पद्धत आळीत जुनी आहे. "आपण घरचीच माणसं, कागद कशाला?" असं म्हणतील. हसा आणि कागद करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती न केल्यास दंड किंवा कैदही होऊ शकते. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: पूर्ण मुदतीचं भाडं आणि त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. महिना ९,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट, अकरा महिने, असा करार असेल तर शुल्क अडीचशे रुपयांच्या आसपास येतं. नगरपरिषद हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. सगळं ऑनलाइन होतं, आणि मुंबईतला मालक मुंबईतच अंगठा देऊ शकतो. एवढ्या पैशांसाठी कागद टाळणाऱ्या माणसाचं कारण पैसे नसतं. ते बहुधा उरलेले दहा हिस्सेदार असतात. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नका.

छापील करारात नसलेल्या चार-पाच गोष्टी मात्र हातानं लिहून घ्या. गणपतीला मालक घरी येणार का? बहुतेक येतात. देवघर आणि एक खोली कुलूपबंद ठेवून घर देण्याची पद्धत आहे. गणपतीचे दीड, पाच किंवा सात दिवस अख्खं घर त्यांचं होतं आणि तुम्ही माजघराच्या कोपऱ्यात. आम्ही तर तेवढे दिवस सरळ गावी जातो. परसातले नारळ कुणाचे, हे लिहा. कलमाचा आंबा असेल तर तो व्यापाऱ्याला दिलेला आहे का, ते विचारा, नाहीतर एप्रिलमध्ये सकाळी सहाला घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन दोन माणसं तुमच्या न्हाणीघरामागे उभी दिसतील. शाकारणीचा खर्च कोणाचा, तेही लिहा. आणि देवाजवळ रोज दिवा लावायचा आहे का? काही मालक भाडं कमी करतात, पण दिवा चुकवू देत नाहीत. हा सौदा मला अजिबात वाईट वाटत नाही.

विकत घ्यायचं असेल तर

इथं घाई करू नका. अकरा हिस्सेदारांतल्या दहांनी होकार दिला म्हणजे घर दहा-अकरांश तुमचं झालं असं होत नाही, एक खटला तुमचा झाला असं होतं. मुलींचाही वाटा असतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि लग्न होऊन बडोद्याला गेलेल्या आत्याचं नाव "ती काही मागत नाही" म्हणून सोडलेलं असतं. ती मागत नसेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र देईल. ते नसेल तर थांबा. वकिलाकडून निदान ३० वर्षांचा शोध घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या.

घराचा मागचा भाग वेगळा तपासा. कधीकधी घर प्रॉपर्टी कार्डावर असतं आणि मागचं माडाचं आगर सातबारावर, शेतजमीन म्हणून. तुम्ही शेतकरी नसाल तर ती जमीन घेता येते का आणि परवानगी लागते का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्या, समोरचा कितीही गोड बोलला तरी. जुना भाडेकरू बसलेला असेल तर तोही घराबरोबर येतो, कायद्याचं संरक्षण घेऊन. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. निवासी घर फक्त स्त्रीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

जुनी घरं पाडून उभ्या राहिलेल्या छोट्या इमारतीत फ्लॅट बघत असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा. भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठच्या वर नसतील, तर त्या प्रकल्पाला महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची) नोंदणी बंधनकारक नाही. आळीतले भूखंड बरेचदा एवढेच. म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर नाव नाही म्हणून बिल्डर खोटा ठरत नाही, पण तुम्हाला ते छत्रही नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा नगरपरिषदेचा दाखला) हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

राहायला गेल्यावर

पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या घरी स्वतःहून जा. घाटावर आपण शेजाऱ्यानं येण्याची वाट बघतो. इथं ते तुम्ही येण्याची वाट बघतात आणि दोघेही वाट बघत वर्ष काढतात. काही नेऊ नका, येताना काहीतरी मिळेलच: चार आमसुलं, एक शहाळं. वाटी रिकामी परत करू नका, एवढं पाळा.

शिमग्यात रत्नागिरीचं ग्रामदैवत श्री देव भैरी पालखीतून निघतं. तुमच्या दारी पालखी कधी, हे शेजारच्या काकूंना आधीच विचारून ठेवा. त्या दिवशी अंगण झाडलेलं हवं, बेडं (अंगणाचं फाटक) उघडं हवं आणि घरात एक नारळ हवा. भाडेकरू आहात म्हणून पालखी दार सोडून जात नाही.

आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाकारणीवाल्याला फोन करा. तो "बघू" म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.